स्काउटच्या पथकाला हवीत मोठी माणसे

गळ्यात स्कार्फ आणि अंगात गणवेश घातलेली स्काउट-गाइडची मुले-मुली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला ती असतात, यात्रेच्या गर्दीत पाणी वाटताना दिसतात, ‘खरी कमाई’च्या दिवसांत भेळेचा स्टॉल लावून बसतात. आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. ही शाळेची गोष्ट आहे, शाळा आणि शिक्षक काय ते बघतील, अशी आपली समजूत असते. शिक्षक नसलेल्या माणसाला या चळवळीत काही करता येते का? येते, आणि ते पुष्कळ आहे.

आधी थोडे मागे जाऊ. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरवले. श्रीमंतांची मुले होती, तशी कामकऱ्यांचीही होती. त्यांनी मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक दिला. संघाची जबाबदारी त्या नायकावर! शतक उलटून गेले, पण चळवळीचा पाया अजून हाच आहे.

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये आले, तेव्हा ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. भारतीय मुलांसाठी ही दारे उघडली ती शाळाखात्याबाहेरच्या मोठ्या माणसांनी. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली.

आपल्याकडची बहुतेक पथके शाळांना जोडलेली आहेत. त्याचा फायदा असा, की खेड्यातल्या मुलालाही स्काउट होता येते. तोटा असा, की सगळा भार एखाद्या शिक्षकावर किंवा बाईंवर पडतो. शिकवणे, परीक्षा, निवडणुकीची कामे सांभाळून ते पथक चालवतात. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, की पथक कागदावर उरण्याची भीती असते. मुले तीच असतात, मैदान तेच असते. नसतो तो त्यांच्यासाठी वेळ काढणारा मोठा माणूस. तिथे गावातल्या, गल्लीतल्या माणसांची गरज आहे.

पहिला मार्ग पथकाचा नेता किंवा त्याचा सहायक होण्याचा. लहान मुलांच्या कब पथकाला कबमास्टर असतो, बुलबुलना फ्लॉक लीडर असतात. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्काउटमास्टर आणि मुलींना गाइड कॅप्टन. त्याहून मोठ्या तरुण-तरुणींसाठी रोव्हर आणि रेंजर पथके. यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रारंभिक वर्ग, मग बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वुड बॅज अशा त्याच्या पायऱ्या आहेत. मध्य प्रदेशातल्या पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तंबू कसा ठोकायचा आणि गाठी कशा मारायच्या, हे या वर्गांत शिकवतात. पण खरे शिक्षण वेगळेच असते. मुलांना काम करू द्यायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे, हे शिकावे लागते. चूल पेटत नाही, भात करपतो आहे, हे दिसत असूनही संघनायकाच्या हातातला डाव काढून घ्यायचा नाही! आपल्यासारख्या पालकांना हे फार जड जाते.

दर आठवड्याला वेळ देणे सगळ्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. स्काउट-गाइडना वेगवेगळ्या विषयांची प्रावीण्य पदके मिळवता येतात. प्रथमोपचार, स्वयंपाक, सायकल, पोहणे, बागकाम असे कितीतरी विषय. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा माणूस त्या विषयातला जाणकार असला, तर पदकाला अर्थ येतो. एखाद्या परिचारिकेने दोन रविवार दिले, तर गळ्यातल्या त्रिकोणी स्कार्फची झोळी करून मोडलेला हात कसा अडकवावा, हे मुले कायमची शिकतील. वायरमन, सुतार, माळी, सायकल दुरुस्त करणारा कारागीर, सुगरण आजी यांपैकी प्रत्येकाकडे मुलांना देण्यासारखे काही आहे. त्यासाठी पदवी लागत नाही.

तिसरा मार्ग पडद्यामागचा. गटाला पालक आणि हितचिंतकांची समिती लागते. शिबिराचा हिशेब ठेवणे, एसटीचे आरक्षण करणे, पालकांची लेखी संमती गोळा करणे, तंबू आणि भांडी पावसाळ्याआधी वाळवून नीट बांधून ठेवणे, ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण ती झाली नाहीत, तर शिबिर होत नाही. नोकरीत हिशेब पाहिलेल्या सेवानिवृत्ताने एवढेच अंगावर घेतले, तरी स्काउटमास्तरांचे अर्धे ओझे उतरते.

पुणेकरांना आणखी एक संधी आहे. जगभरच्या गाइड चळवळीची केवळ पाच जागतिक केंद्रे आहेत. त्यांतले ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. तिथे देशोदेशींच्या स्वयंसेविका येऊन काम करतात.

आता एक कटू पण आवश्यक गोष्ट. मुलांमध्ये काम करायला येणारा प्रत्येक माणूस चांगल्याच हेतूने येतो, असे धरून चालत नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या स्काउट संघटनेवर लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचा डोंगर कोसळला. २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि सुमारे २४६ कोटी डॉलरच्या भरपाईची योजना करावी लागली. यातून प्रत्येक पथकाने धडा घ्यायला हवा. कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन मोठी माणसे असावीत, एकट्या मुलाबरोबर एकांतात कोणी राहू नये, मुलींच्या शिबिरात जबाबदार स्त्रिया असाव्यात. आपल्याकडेही मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे. तेव्हा संस्थेने ओळखपत्र मागितले, चौकशी केली, तर स्वयंसेवकाने राग मानू नये. जिथे असे कोणी विचारतच नाही, तिथे पालकांनी सावध व्हावे. शिवाय मोठ्या माणसांची संख्या वाढली, की एकट्यादुकट्यावर विसंबण्याची वेळच येत नाही. मदतीचा हाही एक उपयोग आहे.

सुरुवात कशी करायची? जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, की पथक आहे का आणि ते कोण चालवते. त्या शिक्षकांना भेटा. पथक नसेल, तर जिल्ह्याच्या स्काउट-गाइड संस्थेच्या कार्यालयात चौकशी करा. शाळेशी न जोडलेले मुक्त पथकही काढता येते. जाताना “मी काय शिकवू?” असे विचारण्यापेक्षा “तुमचे कोणते काम अडले आहे?” असे विचारा. आणि जेवढे निभेल तेवढेच कबूल करा. महिन्यातला एकच रविवार द्या, पण तो वर्षभर चुकवू नका. वर्षातून एकदा हार घालून घेणाऱ्या पाहुण्यापेक्षा, ठरल्या वेळी मैदानावर हजर असणारे काका किंवा मावशी मुलांना जास्त हवे असतात.

या कामाला पगार नाही. पण काल ज्याला स्वतःची पिशवी भरता येत नव्हती, तोच मुलगा आज सात जणांच्या संघासाठी शिधा मोजून घेतो, हे पाहायला मिळते. ते पाहायचे असेल, तर शाळेच्या फाटकाशी न थांबता आपल्याला आत जावे लागेल.