आधी छर्रे, मग मोटर

बग्गी म्हटले की डोळ्यांसमोर येते वरातीतली घोडागाडी. रेडिओवर चालणाऱ्या रेसिंग बग्गीला घोडा नसतो. जेमतेम हातभर लांब आणि बॅटरीसकट साधारण दीड किलो वजनाची ही गाडी मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत धावते. ती तयार घेता येते, पण खरे शौकीन किट घेतात. खोक्यातून निघतात सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या, गिअर, स्प्रिंगा आणि चित्रांची एक पुस्तिका. पुढच्या काही संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गाडी उभी राहते.

या बग्गीचे मूळ कॅलिफोर्नियाच्या वाळूत आहे. ब्रूस मेयर्स यांनी 1964 मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर फायबरग्लासचे हलके शरीर चढवून ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूत पळणारी गाडी बनवली. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1976 मध्ये रेडिओवर चालणारी पहिली मोटार, पोर्शे 934, बाजारात आणली. 1979 मध्ये तिच्या ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ या बग्ग्या आल्या आणि 1984 मध्ये ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’. या शेवटच्या दोघींनी जगभरातल्या मुलांना स्क्रू ड्रायव्हर हातात धरायला शिकवले. वीस वर्षांनंतर कंपनीने त्या पुन्हा बाजारात आणल्या, तेव्हा तीच मुले आपल्या मुलांना घेऊन दुकानात गेली.

किट जुळते, गाडी धावते आणि आठवडाभरात मागणी येते : ‘अजून जोरात पळायला हवी!’ मग दमदार मोटर आणि लिथियम बॅटरी घरात येते. इथेच बहुतेकांचे गणित चुकते. गिअरचे दाते झडतात, मोटरला जळका वास येतो, पहिल्याच धडकेत पुढचा हात मोडतो. बॅटरीबाबत निष्काळजीपणा झाला तर घरात आग लागू शकते. गाडीत मोठी ताकद घालणे सोपे असते. ती ताकद पेलणारी गाडी बनवायला मात्र थोडे विज्ञान लागते.

वेग दुप्पट, तडाखा चौपट

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत पाठ केलेले असते. दीड किलोची बग्गी ताशी 25 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली, तर तो तडाखा ती सुमारे अडीच मीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास घराच्या छताच्या उंचीवरून, खाली टाकल्याइतका असतो. वेग दुप्पट करून ताशी 50 केला की ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. सुमारे दहा मीटर, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी. मोटर बदलणारा माणूस नकळत आपली गाडी छतावरून तिसऱ्या मजल्यावर नेत असतो. समोर कुणाचा पाय असेल, तर तो तडाखा पायालाही तसाच बसतो. म्हणूनच ही गाडी रहदारीच्या रस्त्यावर किंवा लहान मुलांच्या गर्दीत चालवायची नसते.

मग गाडीचे भाग ॲल्युमिनियमचे केले तर? दुकानात निळे, लाल, चकचकीत धातूचे भाग मोहात पाडतात. पण किटमधले चांगल्या प्लॅस्टिकचे हात धडकेत वाकतात आणि परत सरळ होतात. वाकताना ते तडाख्यातला बराच भाग गिळतात. धातूचा हात वाकला की वाकलेलाच राहतो आणि वाकला नाही तर तडाखा पुढच्या भागाकडे ढकलतो. आधी स्वस्तातला हात मोडायचा, आता चासीचा कोपरा तडकतो. चाकाजवळ वाढलेले वजनही स्प्रिंगला सांभाळावे लागते. एखादा भाग वारंवार मोडत असेल, तरच तो धातूचा करावा.

पहिला खर्च छऱ्यांवर

बऱ्याच प्राथमिक किटमध्ये चाकांच्या आणि गिअरच्या दांड्यांसाठी प्लॅस्टिकचे किंवा धातूचे साधे बुश असतात. दांडी बुशमध्ये घासत फिरते. त्याऐवजी बॉल बेअरिंग बसवले की घासण्याची जागा लोळणे घेते. सायकलच्या हबमधले छर्रे हेच काम करतात. तीच मोटर, तीच बॅटरी, पण गाडी मोकळी पळते, मोटर कमी तापते आणि एका चार्जिंगवर जास्त वेळ चालते. बुश झिजला की दांडी डुगडुगते आणि गिअरचे दाते नीट जुळत नाहीत, तेही टळते. मातीत चालवायची गाडी असेल तर रबरी सीलची बेअरिंग घ्यावीत, कारण धूळ आत गेली की छर्रे लवकर संपतात.

जुळवणी करताना दोन बारीक गोष्टी फार कामाच्या ठरतात. जपानी किटमधले प्लसच्या खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्स ड्रायव्हरला बसतात असे वाटते, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. चुकीचा ड्रायव्हर घसरतो आणि स्क्रूचे डोके खराब होते. जपानी मापाचा ड्रायव्हर घेतला की ही कटकट संपते. दुसरी गोष्ट, प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू काढून पुन्हा लावताना आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांमध्ये तो हलकेच ‘टक’ करून बसल्याचे बोटाला कळते, मग सुलटा फिरवावा. नाहीतर तो नवे आटे कापतो आणि दोन-तीन वेळा खोलल्यावर भोक सैल होते. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचे थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जाईल तिथेच वापरावे. काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतात.

स्प्रिंगची उडी, तेलाचा लगाम

बग्गी उडी मारून खाली येते, तेव्हा स्प्रिंग दाबली जाते. दाबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देते आणि गाडी पुन्हा उडते. शॉकअप गेलेली स्कूटर खड्ड्यातून गेल्यावर जशी हेलकावत राहते, तसेच हे. तेलाचे शॉकअप ही परत येणारी ऊर्जा शोषतात. आतला दट्ट्या हलला की सिलिकॉन तेलाला त्याच्या बारीक छिद्रांतून जावे लागते. त्या ओढाताणीत हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

तेल किती दाट हवे, हे ट्रॅकवर ठरते. फार पातळ असेल तर गाडी डोलते, फार दाट असेल तर छोट्या खळग्यांवर चाक जमीन सोडते आणि चाक हवेत असताना पकड शून्य. उन्हाने तेल पातळ होते, म्हणून स्पर्धक गरम दिवशी एक पायरी दाट तेल भरतात. तेल भरताना त्यात बुडबुडे राहिले तर सगळी मेहनत वाया जाते. दट्ट्या सावकाश वरखाली करून, थोडा वेळ तसेच ठेवून हवा वर येऊ द्यावी लागते. तपासणी सोपी आहे : जुळवलेली बग्गी वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावी. ती बसली पाहिजे, चेंडूसारखी उसळता कामा नये.

मोटर का तापते?

आता मोटरची पाळी. किटबरोबर बहुधा ब्रशची मोटर येते. त्यात कार्बनचे ब्रश घासतात, झिजतात आणि ठिणग्याही पडतात. ब्रशलेस मोटरमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो, त्यामुळे घर्षण कमी आणि दम जास्त. ब्रशलेस मोटरवर ‘केव्ही’ लिहिलेले असते, म्हणजे एका व्होल्टला रिकाम्या मोटरचे मिनिटाला किती फेरे. 3300 केव्हीच्या मोटरला 7.4 व्होल्ट दिले, तर हा आकडा 24 हजारांच्या वर जातो.

हे फेरे चाकापर्यंत गिअरमधून येतात. समजा मोटरचे दहा फेरे म्हणजे चाकाचा एक. मोटरवरचा छोटा गिअर, पिनियन, जास्त दात्यांचा लावला की मोटरच्या कमी फेऱ्यांत चाक फिरते आणि वेग वाढतो. पण सायकलवर जड गिअर टाकून घाट चढताना पायांना जे होते, तेच मोटरला होते. ती जास्त करंट ओढते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते : 20 अँपिअरचे 30 झाले की उष्णता सव्वादोन पट. तापलेल्या तांब्याचा विद्युतरोधही वाढतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. ब्रशलेस मोटरमधली साधी निओडिमियम चुंबके 80 अंश सेल्सियसच्या पुढे कमजोर होऊ लागतात. एकदा गेलेले चुंबकत्व मोटर थंड झाल्यावर सगळे परत येत नाही. म्हणून दोन-तीन मिनिटे चालवून तापमान पाहावे आणि दाते एकेकाने वाढवावेत.

पिनियन आणि मोठा गिअर किती जवळ बसवायचा, यासाठी शौकिनांची एक युक्ती आहे. दोघांच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करायची, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदाच्या जाडीएवढी फट राहते. दाते घट्ट रुतत नाहीत आणि सैल होऊन झडतही नाहीत.

सगळ्यात जपायची ती बॅटरी

जुन्या बग्ग्यांमध्ये निकेल मेटल हायड्राइड बॅटरी असते : 1.2 व्होल्टचे सहा सेल, एकूण 7.2 व्होल्ट. आता तिची जागा लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो, घेत आहे. दोन सेल, प्रत्येकी 3.7 व्होल्ट. व्होल्टेज जवळपास तेवढेच, पण वजन कमी आणि करंट देण्याची ताकद जास्त. लिथियम आयन बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोबाइल आणि विजेवरच्या स्कूटरमागे हेच संशोधन आहे. मोबाइलच्या बॅटरीला संरक्षक सर्किट असते, स्कूटरच्या बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा असते. बग्गीच्या लायपोमध्ये यातले बहुधा काही नसते. देखरेख माणसालाच करावी लागते.

लायपोच्या सेलची वरची मर्यादा 4.2 व्होल्ट, खालची 3 व्होल्ट. दोन सेलच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचे 8.4 व्होल्ट होतात. पण एक सेल 4.3 आणि दुसरा 4.1 असला, तरी बेरीज 8.4 च येते. बेरीज बरोबर आणि एक सेल धोक्यात. म्हणून दोन्ही सेल वेगवेगळे मोजणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. जुन्या बॅटरीचा चार्जर लायपोला कधीच लावू नये.

दुसरा सापळा जुन्या स्पीड कंट्रोलरचा. निकेलच्या काळातल्या अनेक कंट्रोलरना लिथियमची खालची मर्यादा माहीत नसते. गाडी मंदावेपर्यंत चालवली जाते आणि सेल 3 व्होल्टच्या खाली जातो. फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांबे विरघळते आणि पुढच्या चार्जिंगला ते आत साचून शॉर्ट सर्किट घडवू शकते. बिघाड ट्रॅकवर होतो, आग घरी लागते. म्हणून लायपो आणण्याआधी कंट्रोलरमध्ये ‘कट-ऑफ’ आहे की नाही ते पाहावे आणि तो चालू करावा.

काही नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत. चार्जिंग फरशीवर करावे, गादीवर किंवा सोफ्यावर नाही. त्या वेळी माणूस घरात आणि जागा हवा. 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरने, म्हणजे साधारण तासाभरात, भरावी. घाई करू नये. आठवडाभर गाडी वापरायची नसेल, तर प्रत्येक सेल सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावा. बॅटरी फुगली की तिचे काम संपले. ती टोचू नये, दाबू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. पेटलीच तर आधी माणसे बाहेर काढावीत आणि 101 वर फोन करावा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

टेबलावरची हवा

बॅटरीच्या प्लगला डाख देताना निघणारा पांढरा धूर मुख्यतः राळेचा असतो. सोल्डरिंगचे काम रोज करणाऱ्यांमध्ये हा धूर दम्याचे ओळखीचे कारण आहे. घरी क्वचित होणाऱ्या कामालाही खिडकी उघडी आणि पंखा धूर तोंडापासून दूर नेणारा असावा. शिसे असलेल्या डाखेनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. जेवणाच्या टेबलावर तर हे काम नकोच. टायर रिमला चिकटवण्याचा सुपर ग्लू आणि बॉडीचा स्प्रे रंग यांनाही मोकळी हवा लागते. दमा असलेल्या मुलाला यापासून दूर ठेवावे.

चालवताना सवय एकच : आधी हातातला ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी. सिग्नल नसलेली गाडी कुठे जाईल, याचा भरवसा नसतो.

बेअरिंग, शॉकअपचे तेल, चांगले टायर, मग मोटर आणि कंट्रोलर तयार असल्यावर लायपो. या क्रमाने गेले की प्रत्येक टप्प्यावर काय बदलले ते हाताला कळते. नवी मोटर थोडे दिवस खोक्यातच राहिली तरी बिघडत नाही. छर्रे बदललेली बग्गी ढकलून पाहावी. ती फरशीवर पूर्वीपेक्षा किती दूर जाते, ते पाहिले की पहिला खर्च कुठे करायचा हे मुलालाही सांगावे लागत नाही.