दहावीनंतरची एक वाट करी रोडलाच आहे

दहावीचा निकाल लागला की आपल्या चाळींत एकच चर्चा: कॉमर्स की सायन्स? आयटीआयचं नाव काढलं की घरात नाकं मुरडतात. मला हे फार खटकतं.

करी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर रेल्वेची दोन वर्कशॉप्स आहेत, मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं लोअर परळ. दोन्हीकडे १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली अप्रेंटिस घेतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड. वर्षभर प्रत्यक्ष काम शिकायचं आणि दरमहा विद्यावेतनही मिळतं. लेखी परीक्षा नाही! दहावीचे आणि आयटीआयचे गुण, दोन्हींची सरासरी काढून यादी लागते. म्हणून मुलांनो, आयटीआयला जायचं ठरलं असलं तरी दहावीचा अभ्यास सोडू नका. एकूण किमान ५० टक्के लागतात.

अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. पण ती पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा राखीव ठेवल्या गेल्या आहेत.

पुढे शिकायचंय? दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पास झालात की पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

अर्ज ऑनलाइन असतात. जाहिरात रेल्वे भरती कक्षाच्या संकेतस्थळावरच वाचा, पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. दाखला आणि गुणपत्रिकेवरचं नाव आधारशी जुळतंय का, हे आजच तपासा.