जोरदार फटक्यासमोरचा पाव सेकंद

हिवाळा आला की नागऱ्यासारख्या गावांत मोकळ्या जागेवर चुन्याने बॅडमिंटनचे कोर्ट आखले जाते आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात खेळ रंगतो. हेच कोर्ट पिकलबॉललाही चालते. दुहेरी बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. पिकलबॉलचेही माप तेच. फक्त जाळी खाली आणायची, कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४. सपाट पॅडल आणि भोके पाडलेला प्लास्टिकचा चेंडू मिळाला की काम झाले.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला. भारतात तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. १९९९ मध्ये कॅनडात त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला, २००६ मध्ये अमेरिकेतून पॅडल आणि चेंडू आणले आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आज शहरांतून तो झपाट्याने पसरतो आहे. त्याची ख्याती ‘गुडघे दुखणाऱ्यांनाही जमणारा सोपा खेळ’ अशी आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. अडचण येते ती समोर पंचविशीतला, मनगटात ताकद असलेला आणि प्रत्येक चेंडू ठोकूनच काढायचा असा निश्चय केलेला खेळाडू उभा राहिला की. अशा वेळी पन्नाशीतला माणूस सहसा दोनपैकी एक चूक करतो. एक तर त्याच्यासारखेच ठोकायला जातो, नाहीतर घाबरून मागे सरकतो. पहिल्या चुकीत गुण जातो, दुसऱ्या चुकीत कधी कधी मनगट.

आधी थोडे गणित. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्याला खेळाडू ‘किचन’ म्हणतात. या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतच मारता येत नाही. त्यामुळे दुहेरीत चारही खेळाडू पट्ट्याच्या रेषेवर येऊन उभे राहतात आणि समोरासमोरचे अंतर उरते जेमतेम १४ फूट. ताशी ६५ किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे पाव सेकंदात कापतो.

आता शरीराची बाजू पाहू. चेंडू दिसला की डोळ्याच्या पडद्यावरून संदेश मेंदूच्या मागच्या भागात जातो, तिथे त्याचा अर्थ लागतो, मग हालचालीच्या केंद्राकडून आज्ञा निघते आणि हाताचे स्नायू आखडतात. ‘दिवा लागला की बटण दाब’ इतके साधे काम असले तरी तरुण माणसाला या सगळ्याला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. वय वाढते तशी त्यात थोडी भर पडते. पण खरा वेळ जातो तो निवड करण्यात. चेंडू उजवीकडून घ्यायचा की डावीकडून, मारायचा की सोडायचा, असे पर्याय वाढतात तसा मेंदूला लागणारा वेळ वाढतो. पाव सेकंदातला बहुतेक भाग पाहण्यातच संपतो. विचाराला जागाच उरत नाही.

म्हणून जोरकस खेळाडूसमोर चपळाई वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा पर्याय कमी करणे अधिक शहाणपणाचे. पॅडल खाली लोंबते ठेवू नये. ते छातीसमोर, किंचित पुढे आणि हाताची मागची बाजू समोर येईल असे धरावे. असे धरले की एका कानापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतचा बराच भाग आपोआप झाकला जातो आणि ‘कोणत्या बाजूने’ हा प्रश्नच उरत नाही. उरते ती एकच जागा, पॅडल धरलेल्या हाताची काख आणि खांदा. तिथे आलेला चेंडू घेताना कोपर अडकते. हे मुरलेल्या खेळाडूंना ठाऊक असते आणि ते नेमके तिथेच मारतात. चेंडू अंगावर मारणे नियमाबाहेर नाही, त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही. कोपर अंगापासून थोडे सुटे ठेवले किंवा अर्धे पाऊल बाजूला सरकून उभे राहिले, तर ही फटही बरीचशी बुजते.

दुसरा उपाय अंतराचा. आपल्या हातून चेंडू चुकून उंच गेला आणि समोरचा हात उगारतो आहे असे दिसले, की फटका बसण्याआधीच एक-दोन पावले मागे जाऊन थांबावे. हा चेंडू जेमतेम २५ ग्रॅमचा, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या निम्म्याहून कमी वजनाचा. त्यात अंगभर भोके. त्यामुळे हवेत त्याचा वेग झटपट मरतो आणि चार फूट मागे गेल्याचा फायदा चार फुटांपेक्षा जास्त मिळतो. समोरच्याचे पॅडल चेंडूला लागते त्या क्षणी मात्र दोन्ही पाय जमिनीवर स्थिर हवेत. धावता धावता चेंडू अडवणे जवानांनाही अवघड जाते.

खांद्याच्या उंचीवर जोरात येणारा चेंडू बहुतेक वेळा बाहेरच जाणार असतो. तो सोडून द्यावा. हे सांगायला सोपे, करायला महाकठीण. कारण हात आपोआप वर जातो. शिवाय बाहेर जाणारा चेंडू टप्पा पडण्याआधी अंगाला किंवा कपड्यांना लागला तरी गुण समोरच्याला मिळतो. तेव्हा सोडायचा म्हणजे नुसता पाहत उभे राहायचे नाही, वाटेतून बाजूलाही व्हायचे.

आणि जो घ्यायचा, तो मऊ हाताने घ्यावा. मूठ सैल असली की पॅडल चेंडूबरोबर थोडे मागे जाते, वेग शोषला जातो आणि चेंडू जाळीपलीकडे किचनमध्ये अलगद पडतो. तिथे तो जाळीच्या उंचीखाली असतो. तो ठोकायचा तर आधी वर उचलावा लागतो, आणि फार जोर लावला तर कोर्टाबाहेर जातो. ठोकणाऱ्याचे हत्यार असे काढून घेतले जाते. सैल मुठीचा वैद्यकीय फायदा वेगळाच. पॅडल आवळून धरणाऱ्यांच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला काही आठवड्यांत दुखू लागते, कपबशी उचलतानाही कळ येते. यालाच टेनिस एल्बो म्हणतात. धानाची पोती उचलणाऱ्या हातालाही ते होते, त्यासाठी टेनिस खेळावे लागत नाही.

खरी गंभीर इजा होते ती डोक्यावरून गेलेल्या चेंडूच्या मागे, तोंड जाळीकडे ठेवून उलटे पळताना. टाच अडकते, माणूस मागे कोसळतो, हात टेकायला जातो आणि मनगटाचे हाड मोडते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे आधीच विरळ झालेली असतात, त्यांना हा धोका अधिक. डोके आपटले तर प्रकरण आणखी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डोक्याला मार लागल्यावर ‘काही नाही, बरं वाटतंय’ म्हणून घरी बसू नये. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी लक्षात येतो. मागे जायचेच असेल तर आधी वळावे, मग पळावे. जमत नसेल तर ‘छान मारला’ म्हणून गुण द्यावा. एका गुणापायी सहा आठवडे प्लास्टर हा तोट्याचा सौदा आहे.

राहता राहिला डोळा. डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि चेंडू सुमारे साडेसात सेंटिमीटरचा. म्हणून धक्क्याचा काही भाग भुवई आणि गालाचे हाड झेलते. बॅडमिंटनच्या फुलाचे बूच मात्र खोबणीत थेट शिरते. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. चेंडू कडक असतो, डोळा दाबला जातो आणि आतल्या पुढच्या कप्प्यात रक्त साचू शकते किंवा मागचा पडदा फाटू शकतो. दुहेरीत जोडीदाराचे पॅडलही डोळ्यावर बसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या नोंदींवरील अभ्यासात अशा इजा गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलेल्या दिसल्या, आणि त्यात मोठा वाटा पन्नाशीपुढच्यांचा होता. मोठा उणे नंबर असलेल्यांनी आणि शिबिरात मोतीबिंदू काढून घेतलेल्यांनी विशेष जपावे. पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा हाच त्यावर उपाय. रोजच्या चष्म्याची काच फुटली तर तीच डोळ्यात जाते.

डोळ्यावर फटका बसलाच तर चोळू नये, दाबून बर्फ लावू नये, पाण्याचे सपकारे मारू नयेत. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता, भोवतीच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने बसवावा, डोके उंच ठेवावे. मनाने ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नये, तिने रक्तस्राव वाढू शकतो. धूसर दिसणे, बुबुळाच्या खालच्या भागात लालसर पातळी दिसणे, डोळा हलवताना एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. नागऱ्याहून गोंदिया काही लांब नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे. नजरेसमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, अंधारातही विजेसारखी चमक दिसली किंवा एका कडेने पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर पडदा सुटू लागलेला असू शकतो. तो वेळीच दाखवला तर बहुतेक वेळा दृष्टी वाचवता येते.