हवाई अंतर आणि खरा प्रवास

मुंबई ते गोव्यातील दाबोळी हे सरळ हवाई अंतर सुमारे 425 किलोमीटर, तर मुंबई ते नागपूर सुमारे 685. अंतर दीडपटीहून अधिक, पण उड्डाणाचा वेळ साधारण सव्वा तासावरून दीड तासाच्या आसपास जातो. कारण धावपट्टी गाठणे, वर चढणे, खाली उतरणे याला दोन्हीकडे जवळपास सारखाच वेळ लागतो. वाढते ते फक्त मधले वेगवान उड्डाण. तरीही विमानच लवकर पोहोचवते, असे कोणी म्हणेल. मुंबईकरापुरते ते खरेही असेल. पण कुंडलिका नदीकाठी, रोह्यालगतच्या अष्टमी गावाहून गोव्याला निघालेल्याला आधी पेण, पनवेल करत उलट उत्तरेला जावे लागते, उड्डाणाच्या दोनेक तास आधी विमानतळ गाठावा लागतो. कोकण रेल्वे मात्र रोह्यापासूनच सुरू होते. म्हणून प्रवासाचा हिशेब धावपट्टीपासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून मांडावा.