सड्यावर चला, पण खाली बघत!

रत्नागिरी जिल्ह्यात तुमचं आजोळ असेल, तर पाखाडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. वाडीतून वर निघणारी चिंचोळी वाट, जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि दोन्ही अंगांना गडगे. गडगा रचताना ना चुना वापरतात ना सिमेंट, नुसते दगडावर दगड. त्यांच्या फटींतून पावसाळाभर नेचे डोकावत असतात. पाखाडी चढताना थोडा दम लागतो खरा, पण वर पोचलात की चढ एकदम संपतोच! समोर सपाट मोकळं रान, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्राची रेघ. हा झाला सडा.

सड्यावर चालणं अगदी सोपं. किल्ल्यासारखे कडे नाहीत, दोर नाही, घसारा नाही. धाकटं भावंडही हात धरून येईल. माझी अट एकच, चालायचं ते खाली बघत आणि सावकाश. उन्हाळ्यात हा सडा पाहून पाहुणे म्हणतात, “काहीच नाही हो इथे, नुसता कातळ!” त्यांनी श्रावणात यावं आणि गुडघे टेकून बसावं.

आधी पायाखालचा दगडच बघा. तांबूस, खडबडीत, भोकाभोकांचा जांभा. तो काही पहिल्यापासून असा नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. घाट चढताना दिसतो तोच काळा दगड. कोकणात मग त्याला पावसानं गाठलं. धो धो पाऊस, मग ऊन, पुन्हा पाऊस, असं लाखो वर्षं चाललं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असं जे जे पाण्यात विरघळत होतं ते वाहून गेलं. हळूहळू सिलिकासुद्धा गेली. मागे उरलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. लोखंडाच्या खिळ्यावर चढतो ना गंज, तसाच लोहाचा लाल रंग या दगडावर चढला.

पावसानं काय नेलं आणि काय ठेवलं, एवढं लक्षात ठेवा. सड्यावरची जवळजवळ प्रत्येक नवलाई त्यातूनच निघते.

जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याचं, म्हणजे चिऱ्याचंच घ्या. खाणीतून जांभा कापताना तो मऊ असतो, आणि हवा लागून सुकला की त्यातलं लोह घट्ट होऊन दगड टणक बनतो. म्हणून तर कोकणातली घरं चिऱ्यांची. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या एका प्रवाशाला केरळातल्या अंगाडीपुरमला हीच गंमत दिसली, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं ती लिहिली. तिथपासून भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जांभ्याला जागा मिळाली. आपल्या गवंड्यांना मात्र ही गंमत आधीच ठाऊक होती.

आता भोकांकडे या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सड्यावर पडलेलं बरंचसं पाणी या भोकांतून आणि भेगांतून खाली मुरतं. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर असतो. तिथे पाणी अडतं, मग आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. पाखाडी चढताना बाजूला ओलसर जागा किंवा एखादा झरा दिसला, तर ते वरच्या सड्याचं पाणी असण्याचा संभव फार. वाडीतल्या विहिरींचं पाणीही बहुतेक असंच मुरून आलेलं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग!

पावसानं जे नेलं, त्यातच झाडांचं जेवण होतं. सड्यावर माती जेमतेम, कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही, आणि तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस अगदी कमी. मोठं झाड इथे आपणहून तगणं कठीण. हापूसची कलमं लावायची तर पूर्वी सुरुंग लावून कातळात खड्डे करत आणि बाहेरून माती आणून भरत. मग लहान रोपांनी काय करावं? काहींनी चक्क शिकार सुरू केली.

ओल्या जागी निळी-जांभळी, इवली इवली फुलं थव्यानं दिसतील. ही सीतेची आसवं. वरून किती साधी दिसतात! त्यांचे सापळे असतात खाली, ओल्या चिखलात. धाग्यांसारख्या नाजूक फांद्यांवर मोहरीहूनही बारीक फुगे. फुग्याला एक दार असतं आणि दाराशी केस. रोप फुग्यातलं पाणी बाहेर फेकत राहतं, त्यामुळे फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात. एखादा सूक्ष्म जलजीव पोहत आला आणि केसाला त्याचा धक्का लागला की दार आत उघडतं, भिंती पुन्हा फुगतात, आणि पाणी त्या जिवासकट आत खेचलं जातं. दार लगेच बंद! हे आत खेचणं होतं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. आपली पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. मग फुग्यात पाचक रस सुटतात आणि जमिनीनं जे दिलं नाही ते रोपाला मिळतं.

जवळच दवबिंदूही सापडेल. त्याच्या पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकता थेंब. सकाळचे अकरा वाजले, ऊन पडलं, गवतावरचं दव उडून गेलं, तरी हे थेंब आपले तिथेच. ते पाणी नव्हे, चिकट डिंक. माशी बसली की अडकते, आणि केस हळूहळू तिच्याकडे वळतात. अशा वनस्पतींवर चार्ल्स डार्विननं अनेक वर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला तर त्या आजोळच्या सड्यावर भेटतात. भिंग तेवढं सोबत न्या. फुलं मात्र तोडू नका. गौरीसाठी तेरडा आणायला मोठी माणसं जातील, तेव्हा त्यांच्याबरोबर जाणं सगळ्यात उत्तम.

सड्यावर दगड उलटायचे नाहीत, हेही सांगून ठेवते. दगडाखाली फुरसं असू शकतं. आकारानं लहान, पण जहाल विषारी. चिडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते आवाज करतं. तो ऐकू आला तर जागच्या जागी थांबायचं आणि हळूच मागे सरकायचं. पायांत बूट हवेतच. दगडाखाली दुसरंही कुणी राहतं, एक चिमुकली पाल. शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन १९६३ साली केलं, ते रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावात मिळालेल्या पालींवरून. कोकणातल्या सड्यांशिवाय ती जगात फारशी कुठे नाही. तिचं घर आपण कशाला मोडायचं? आणि ढग गडगडू लागले की सड्यावर रेंगाळायचं नाही. उघड्यावर विजेचा धोका असतो. पाखाडीनं सरळ खाली.

पाऊस ओसरला की कातळावरच्या चित्रांना भेटायला जा. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशा गावांच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीवरच चित्रं कोरली आहेत. ही कातळशिल्पं. उक्षीला मोठा हत्ती आहे. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, म्हणजे दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात जवळजवळ तेवढा, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले! जवळ उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. सभोवती फिरत राहा. आधी पाय ओळखू येतात, मग सोंड, आणि अचानक अख्खा हत्ती. इथल्या चित्रांत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा औषधालासुद्धा सापडायचा नाही, मग कोरणाऱ्यानं तो कुठे पाहिला असेल? जांभ्याचा वरचा थर लोहामुळे टणक आहे, म्हणून या खाचा इतके पावसाळे झेलून टिकल्या. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारून अशी शेकडो चित्रं उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांना जागा मिळाली. चित्रावर पाय देऊ नका, खडूनं रेघाही भरू नका.

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावी जाणार असाल तर दप्तरात होकायंत्र टाका. तिथल्या सड्यावर माणसाची आकृती कोरलेली आहे. त्या जागी दगडावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते, कारण तिथल्या कातळातच चुंबकत्व आहे. थोडं लांब उभं राहून आधी खरी उत्तर दिशा बघून घ्या, मग एकेक पाऊल पुढे जात प्रत्येक ठिकाणी सुई कुठे वळली ते वहीत बाणानं काढा. कोणत्या पावलाला सुई बिघडली, ते आम्हाला कळवा.