कारड गावाला हाय

उसाच्या फडातली माणसं लांबून ओळखू येतात. बाईच्या साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला आवळलेला रुमाल, हातांवर पाचटाचे ओरखडे. २०२३ च्या जानेवारीत रात्री साडेनऊला असंच एक जोडपं माझ्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं. शालीत गुंडाळलेल्या पोराची धाप मला बसल्या जागी ऐकू येत होती.

"रेशनकार्ड आणलंय का, दादा?"

"कारड गावाला हाय, ताई."

गाव बीड जिल्ह्यात. आणि आमचं रुग्णालय उसाच्या पट्ट्यात, पार इकडे. नोव्हेंबर ते मार्च हे वाक्य माझ्या कानावर इतकं पडतं की कारखान्याच्या भोंग्याऐवजी त्यावरूनच हंगाम कळावा.

मी आरोग्यमित्र. डॉक्टर नाही, नर्सही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात शिरलात की एक टेबल दिसतं, त्यामागे बसते ती मी. कागदपत्रं बघायची, संगणकावर नोंद करायची. मग रुग्णालय रिपोर्ट जोडून पूर्वपरवानगी मागतं, तिला आम्ही सगळे 'प्रीऑथ'च म्हणतो. पलीकडे बसलेले योजनेचे डॉक्टर ते रिपोर्ट तपासतात आणि मंजुरी येते. उपचारांचा खर्च सरकार उचलतं. रुग्णानं खाटेचे, औषधांचे, जेवणाचे पैसे द्यायचे नसतात. घरी गेल्यावर दहा दिवसांची औषधंही त्याच पॅकेजमध्ये धरलेली असतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

योजनेचा वंश जुना आहे. १९९७ ची जीवनदायी, मग २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर, आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं. म्हातारी माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, नाव चांगलं होतं.

२०२३ च्या त्या जानेवारीत पिवळ्या नि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं. आयुष्मान भारतच्या यादीत नाव असेल तर पाच लाख. आता यातला 'कुटुंब' हा शब्द बघा. टेबलावर बसणाऱ्याला कुटुंब म्हणजे चुलीभोवती बसलेली माणसं नव्हेत. कुटुंब म्हणजे कार्डावर छापलेली नावं. कार्ड आजोबांच्या नावावर. सुनेचं नाव लग्नाला चार वर्षं झाली तरी माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नाही, म्हणून सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. आणि आयुष्मानची यादी तर २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेवरून केलेली. तिच्यात २०२१ मध्ये जन्मलेलं मूल आपोआप कुठून येणार? घरात सगळ्यांत जास्त आजारी पडतं ते पोर, आणि कागदावर सगळ्यांत शेवटी पोचतं तेही पोरच.

दुसऱ्याला काय नावं ठेवू? माझ्या लेकीचं नाव आमच्या कार्डावर चढलं तेव्हा ती बालवाडीत जायला लागली होती. मी रोज लोकांना सांगत होते, "उद्याच पुरवठा शाखेत जा." आणि माझा उद्या चार वर्षं उजाडला नव्हता.

शालीतल्या त्या पोराला न्यूमोनिया होता. चौदा महिन्यांचं. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत होता. बालरोग डॉक्टरांनी मुलांच्या अतिदक्षता विभागात घ्यायला सांगितलं, आणि त्याच वेळी बिलिंगच्या खिडकीतून आवाज आला, "दहा हजार डिपॉझिट भरायला सांगा, कार्ड आल्यावर बघू." बापानं माझ्याकडे बघितलं. त्या दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतात. कोयत्याची उचल मुकादमाकडून हंगामाआधीच घेतलेली आणि खर्चही झालेली असते. दहा हजार कुठून काढणार?

तातडीच्या रुग्णासाठी योजनेत फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. आधी उपचार सुरू करायचे, कागद मागाहून ठरल्या मुदतीत द्यायचे. खिडकीतल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. कागद आलेच नाहीत तर पैसे अडकतात हा त्याचा हिशेब, आणि त्यातही तथ्य आहे. मी फोन लावला, मंजुरीचा नंबर लिहून घेतला आणि तो चिठ्ठीवर त्याच्यापुढे ठेवला. माझ्याऐवजी दुसरं कुणी असतं आणि त्यानं हात वर केले असते, तर बापाला १५५३८८ वर स्वतः तक्रार करता आली असती. तो नंबर माझ्या मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत आहे. पण पोर धापा टाकत असताना भिंत कोण वाचतं?

कागद जमवायला दोन दिवस गेले. गावाकडून बाईच्या दिरानं कार्डाचा फोटो पाठवला, त्यात बोट आलं होतं, पुन्हा पाठवला. बारा अंकी नंबर टाकला तर कार्ड ऑनलाइन दिसलं, हा पहिला सुटकेचा श्वास. कार्डावर बापाचं नाव होतं. पोराचं अर्थातच नव्हतं. अशा वेळी जन्माचा दाखला आणि आईबापापैकी एकाबरोबरचा मुलाचा फोटो चालतो. फोटो मीच काढला, नाकात नळी असलेल्या पोराजवळ वाकलेला बाप. पण दाखला? पोर जन्मलं आधीच्या हंगामात, दुसऱ्याच कारखान्याच्या हद्दीत, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. म्हणजे राहणार बीडचा, जन्म एका तालुक्यात, आजार दुसऱ्यात. आईला गावाचं नाव आठवेना; "पाण्याची टाकी व्हती, तिच्याखाली आमची पालं" एवढंच. शेवटी मुकादमानं गावाचं नाव सांगितलं आणि तिथल्या ग्रामसेवकाचा नंबर मिळाला. भला माणूस, रविवारी दप्तर उघडून बसला. सुदैवानं आरोग्य केंद्राच्या बाईंनी जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केलेली होती.

कार्ड घेऊन दीर रात्रीच्या एसटीनं आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, कापड शर्टाच्या आत.

१ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही योजनेत आलं, सगळ्यांची मर्यादा पाच लाख झाली, उपचारांची यादी १३५६ वर गेली. चांगलंच झालं. पण पैशाची मर्यादा संपली म्हणून अडलेलं मूल मी क्वचित पाहिलंय. नाव नाही म्हणून अडलेलं दर आठवड्याला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही ही पोरं अशीच निसटतात. २०१३ मध्ये आपल्या पालघरातून तो देशभर सुरू झाला. डॉक्टरांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ वेळेत सापडतो. ती हिवाळ्यात गावच्या अंगणवाडीत येते तेव्हा ऊसतोड्यांची पोरं शेकडो किलोमीटर दूर, पाचटावर खेळत असतात.

नवव्या दिवशी पोराला घरी सोडलं. योजनेच्या पॅकेजमध्ये परतीचं एसटीभाडंही असतं, ते रुग्णाच्या हातात द्यायचं आणि पावती घ्यायची. मी नोटा आईपुढे ठेवल्या, स्टॅम्पपॅड सरकवलं. तिनं अंगठा उठवला, तो नुसता काळा गोळा उमटला. कोयत्यानं रेघा घासून गेलेल्या. दुसऱ्यांदाही तसाच.

पैसे तिनं मोजले नाहीत. आवाज खाली करून विचारलं, "ह्ये कवा फेडायचं, ताई? ह्या हंगामात का पुढच्या?"

फेडायचं नाही, हे गावी जायचं भाडं आहे, मी म्हटलं.

"गावाला कुठं चाललोय?" ती म्हणाली. बाहेर मुकादमाचा ट्रॅक्टर थांबला होता.