शून्य दाखवणारा गणक

१९५८ साली अमेरिकेच्या एक्सप्लोरर-१ उपग्रहावरचा, प्रारणाचे कण मोजणारा गायगर गणक जास्त उंचीवर गेला की चक्क शून्य दाखवू लागे. जेम्स व्हॅन ॲलन यांच्या चमूने याचा उलगडा केला. तिथे कण कमी नव्हते, उलट इतके होते की गणकाला मोजायला उसंतच मिळत नव्हती. पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे सापडले ते असे.

या पट्ट्यांतले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकाच वेळी तीन तऱ्हांनी फिरतात. ते चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेतात. ध्रुवाकडे सरकताना क्षेत्र तीव्र होत जाते, तेव्हा चढावर फेकलेल्या चेंडूसारखे माघारी वळतात. शिवाय पृथ्वीला प्रदक्षिणाही घालतात. इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, प्रोटॉन पश्चिमेकडे. १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला उत्तर-दक्षिण फेरीला सेकंदही पुरतो, प्रदक्षिणेला मात्र काही मिनिटे लागतात.

दक्षिण अटलांटिकवर चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्याने कण अधिक खाली येऊन मगच माघारी वळतात, म्हणून पट्ट्यांपैकी आतला, पृथ्वीजवळचा पट्टा तिथे बराच खाली उतरतो. तिथून जाताना हबल अवकाश दुर्बीण निरीक्षणे थांबवते. २०१५ साली सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाला विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंशांचा कोन करणारी कक्षा दिली गेली, ती याच कारणाने. त्यामुळे तो या भागाच्या कडेकडेनेच जातो आणि त्याच्या क्ष-किरण उपकरणांना कणांचा उपद्रव कमी होतो.